आधी मोजा, मग बदला

‘गाडी सुरू होत नाही’ असं आपण म्हणतो, पण त्या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी असतात. एकात चावी फिरवली तरी इंजिन जागचं हलत नाही. फार तर ‘टक्’ असा आवाज येतो, कधी तोही येत नाही. दुसऱ्यात सेल्फ व्यवस्थित फिरतो, त्याच्याबरोबर इंजिनही फिरतं, पण पेट घेत नाही. पहिल्या दुखण्याचा शोध बॅटरी, केबल आणि सेल्फकडे घ्यायचा. दुसऱ्याचा पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरमधल्या दाबाकडे. मिस्त्रीला फोन करताना यातलं नेमकं काय होतंय एवढं सांगता आलं, तरी निम्मं काम होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ओहमचा नियम दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि मुलांकडून गणितं सोडवून घेते. तोच नियम बॉनेटखाली कसा वापरायचा हे मला आमच्या चिपळूणच्या एका वायरिंगवाल्या काकांनी दाखवलं. त्यांचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड आणि आत जुन्या सेल्फ-डायनॅमोंचा ढीग. शिक्षण बेताचं, पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही त्यांची शिस्त मोठमोठ्यांनी घ्यावी अशी आहे.

त्यांना मी पहिल्यांदा कामात पाहिलं ते पुरानंतर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमचं घर जरा चढावर, तरी अंगणात पाणी आलंच. आमच्या गाडीची चाकं अर्ध्याहून वर बुडाली, पायाखालच्या मॅट तरंगल्या. खालच्या आळीतल्या गाड्या तर टपापर्यंत पाण्यात होत्या. पाणी ओसरलं तशी माणसं घरातला चिखल उपसता उपसता गाड्यांकडे वळली. प्रत्येकाच्या हातात चावी, एकदा लावून तर बघू म्हणून. काका त्या चिखलातून दारोदार फिरत होते आणि एकच गोष्ट सांगत होते, “चावी लावू नका. आधी बॅटरीची मायनस काढा. गाडी टो करून न्या, पण सेल्फ मारू नका.”

त्याचं कारण साधं आणि भयंकर आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. चार सिलिंडरच्या १००० सीसी इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला २५० सीसी येतात. दाबाचं प्रमाण दहास एक धरलं, तर पिस्टन वर पोचल्यावर डोक्याशी जेमतेम २८ मिलिलिटर जागा उरते. त्याहून जास्त पाणी आत असेल आणि सेल्फने जोर लावला, तर पिस्टन मधेच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन चालू असेल तर तो मोडून ब्लॉकमधून बाहेरही येतो. पुरात बुडून वाचलेलं इंजिन असं चावीच्या एका फेऱ्याने मरतं.

आमच्या आळीतल्या एका गाडीचे चारही प्लग काकांनी काढले. पुलीच्या नटाला पाना लावला आणि इंजिन हाताने सावकाश फिरवलं. प्लगच्या भोकांतून तांबूस पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. डिपस्टिक बाहेर काढली तर तिच्यावर ऑइलऐवजी दुधाळ, फेसाळ थर होता. ते सगळं ऑइल काढून, फिल्टर बदलून, सिलिंडर कोरडे करून, नवं ऑइल भरल्यावरच त्यांनी त्या इंजिनाला सेल्फ लावू दिला. ते इंजिन वाचलं. आमच्या गाडीचा एअर फिल्टर कोरडा होता, डिपस्टिक स्वच्छ होती, म्हणजे इंजिनात पाणी गेलं नव्हतं. मॅट वाळवल्या, ब्रेक साफ केले आणि गाडी रस्त्याला लागली. गिअरबॉक्स मात्र बराच वेळ पाण्यात होता, आणि त्याच्यावर आवळलेली एक केबलही.

त्या केबलने डोकं वर काढलं २०२३ च्या पावसाळ्यात. सकाळी शाळेला निघताना चावी फिरवली की नुसतं ‘टक्’. पुन्हा फिरवली की गाडी चालू. पुढे पुढे दोनचारदा फिरवावी लागायला लागली. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हवा दमट, वारा खारा. इथे गाड्यांच्या अशा कुरबुरी घरोघरी असतात. आमच्या नेहमीच्या गॅरेजने बॅटरी पाहिली. ती चार वर्षांची झाली होती, म्हणून बदलली. गाडी छान चालली, पण थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. मग त्यांनी सेल्फ उतरवला, कार्बन ब्रश आणि बुश बदलले. पुन्हा काही दिवस बरे गेले. त्यानंतर एका संध्याकाळी गुहागर रस्त्यावरच्या आमच्या शाळेच्या आवारात गाडी अगदीच अडून बसली. शिपाईदादा आणि दहावीच्या मुलांनी धक्का मारला, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी पहिल्याच हिसक्याला चालू झाली.

काकांकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारायला लागले. टक् एकदाच होतं की टकटकटक असं होतं? हेडलाइट मंद होतात का? डॅशबोर्डवरचे दिवे विझतात का? सकाळीच होतं की दुपारीही? धक्का मारल्यावर लगेच धरते की आढेवेढे घेते? मी सांगत गेले आणि ते का विचारताहेत हेही विचारत गेले.

सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड असतो. चावी फिरवली की त्याला थोडा करंट मिळतो, तो आतली दांडी ओढतो, दांडी सेल्फचं छोटं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत नेऊन बसवते आणि त्याच वेळी जाड करंटचा रस्ता जोडते. टकटकटक असा घाईचा आवाज आला, तर समजायचं की सोलेनॉइड ओढला जातो, जाड करंट सुरू होताच बॅटरीचा दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब परत चढतो, पुन्हा ओढला जातो. हे बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीचं किंवा ढिल्या टर्मिनलचं लक्षण. एकच ठसठशीत ‘टक्’ आला, तर सोलेनॉइडने आपलं काम केलं, पण मोटर फिरली नाही. तिथे सोलेनॉइडचे जळके कॉन्टॅक्ट, झिजलेले ब्रश, अडकलेली मोटर, नाहीतर केबल असे सगळे संशयित. आणि काहीच आवाज नाही, म्हणजे हुकूमच पोचला नाही. तिथे क्लच पूर्ण दाबलाय का ते बघायचं, कारण अनेक गाड्या त्याशिवाय सेल्फ लागू देत नाहीत. ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एन मध्येच सुरू होते. त्यानंतर फ्यूज, रिले, चावीचा स्विच, इमोबिलायझरचा दिवा. आमच्याकडे पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायर हेही नेहमीचं कारण.

धक्क्याला पहिल्याच हिसक्यात धरणारी गाडी हे सांगते की पेट्रोल, ठिणगी, दाब सगळं ठीक आहे. दोष फक्त इंजिन फिरवण्यात आहे. माझ्या उत्तरांनी अर्धं बॉनेट बाद झालं होतं.

मग काकांनी गाडी शेडच्या भिंतीसमोर उभी करायला लावली, हेडलाइट लावायला सांगितले आणि म्हणाले, “आता सेल्फ मारा आणि भिंतीवरचा उजेड बघा.” मी चावी फिरवली. ‘टक्’ झालं, इंजिन जरासं कण्हलं, पण भिंतीवरचा उजेड किंचितच उतरला. काकांना तेवढं पुरलं. बॅटरी कमजोर असती तर उजेड पार बसला असता. सेल्फ आतून अडकला असता तरीही त्याने प्रचंड करंट ओढला असता आणि उजेड बसलाच असता. उजेड बसत नाही आणि मोटर फिरत नाही, म्हणजे मोटरपर्यंत करंट पुरेसा जातच नाही.

“बाई, बॅटरी चांगली आहे, सेल्फपण चांगला असणार,” ते म्हणाले. “करंट जातोय तो परत येत नाहीये.”

आता मीटर बाहेर आला. गाडी चुकून चालू होऊ नये म्हणून त्यांनी आधी इंधनपंपाचा रिले काढून ठेवला. बॅटरीच्या दोन टोकांवर मीटरच्या सुया टेकवल्या. १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, बारावर आली तर ती जवळजवळ रिकामी धरायची. म्हणजे आमची ठीक होती. पण काका या आकड्यावर थांबले नाहीत. “हा बसलेल्या बॅटरीचा आकडा. कामाला लावल्यावर काय होतं ते बघू.” सेल्फ मारताना आकडा ११.३ वर आला. तिथे साडेनऊ-दहाच्या खाली गेला असता तर बॅटरीवर संशय घ्यायचा.

त्यानंतर त्यांनी केलेली मोजणी मी आयुष्यात विसरणार नाही. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि मला म्हणाले, सेल्फ मारा. मीटरने ०.३ व्होल्ट दाखवला. म्हणजे जाताना वाटेत ०.३ व्होल्ट खर्च होत होता. ते चालतं, अर्ध्या व्होल्टच्या वर जाऊ नये. मग एक सुई बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. सुई टर्मिनलच्या क्लॅम्पवर न टेकवता शिशाच्या मधल्या खांबावरच टेकवायची, कारण कधीकधी दोष खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्येच असतो. सेल्फ मारला. २.८ व्होल्ट. ही वाट ०.२ च्या वर खर्चिक असता कामा नये. बॅटरीने दिलेल्या ११.३ पैकी ३.१ व्होल्ट वाटेतच संपत होते आणि सेल्फच्या वाट्याला उरत होते ८.२.

त्यांच्या क्लॅम्प मीटरवर करंट ११० अँपिअर दिसत होता. मी मनात भागाकार केला. २.८ भागिले ११०, म्हणजे ०.०२५ ओहम. एवढासा रोध! साध्या मीटरवर रोध मोजायला गेलो असतो तर काही कळलंच नसतं, कारण मीटरच्या सुयांच्या स्वतःच्या वायरींचा रोधच याच्या कितीतरी पट असतो. जिथून पाच अँपिअर जायचेत तिथे ०.०२५ ओहमने काही बिघडत नाही, दिवा तसाच लागतो. शंभर अँपिअरला मात्र तोच रोध वाट अडवतो. खचलेल्या साकवावरून एकटा माणूस चालत जातो म्हणून त्याच्यावरून भरलेला ट्रक नेता येत नाही, तसंच. म्हणून केबल बघायची ती तिच्यावर भार असतानाच.

काकांनी दोनतीनदा सेल्फ मारायला लावला आणि गिअरबॉक्सवर जिथे मायनसची केबल आवळलेली होती तिथे मला बोट लावायला सांगितलं. केबलचं टोक चांगलंच गरम झालं होतं. २.८ गुणिले ११०, म्हणजे तीनशे वॉटच्या वर उष्णता, आणि ती निघत होती बोटाएवढ्या जागेतून.

खात्रीसाठी त्यांनी एक जंपर केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनाच्या उचलायच्या लोखंडी कडीला. जुन्या केबलला हात लावला नाही. रिले परत बसवून मला चावी फिरवायला सांगितली. गाडी क्षणात चालू झाली. बंद केली, जंपर काढला, पुन्हा चावी. ‘टक्.’ जंपर लावला, पुन्हा चालू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे मी मुलांना प्रयोगशाळेत शिकवते. त्या शेडमध्ये ते इतक्या स्वच्छपणे केलेलं बघून माझा ऊर भरून आला.

मग केबल उतरवली. वरून बघितलं तर काळी, धड, कुठे चिरलेली नाही. काकांनी टोकापासून वीतभर इन्सुलेशन ब्लेडने उभं चिरलं आणि सोललं. आत तांब्याच्या तारा असायच्या तिथे हिरवट काळी पूड होती. ती त्यांच्या तळहातावर सांडली. उरलेल्या तारांतल्या काही बोटाने वाकवल्या तर मटकन तुटल्या. पुराच्या दिवशी गढूळ पाणी टोकाच्या पकडीतून आत शिरलं होतं आणि केशाकर्षणाने तारांमधून वर चढलं होतं. वरचं इन्सुलेशन शाबूत, त्यामुळे ते वाळायला वाट नव्हती. दोन वर्षं तांबं आतल्या आत खाल्लं जात होतं.

आधीच्या दुरुस्त्यांनी गाडी काही दिवस का सुधारली, तेही आता कळलं. नव्या बॅटरीने थोडा जास्त जोर लावला, तेवढ्यात भागलं. सेल्फ उतरवताना ही केबल हलवली गेली, सडक्या तारा एकमेकींना नव्याने टेकल्या, आणखी काही दिवस निघाले. शिवाय बॅटरी भरणारा डायनॅमोचा करंटही बॅटरीकडून याच केबलने, इंजिनाच्या अंगातून डायनॅमोकडे परततो. काकांनी जुन्या केबलवर इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजलं होतं १३.६ व्होल्ट. नवी केबल टाकल्यावर तिथेच १४.२ आले. म्हणजे नवी बॅटरी पूर्ण भरतच नव्हती. अजून काही महिन्यांनी तीही गेली असती आणि तिसरी बॅटरी आली असती.

नवी केबल लावण्याआधी काकांनी गिअरबॉक्सवरची बसण्याची जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा तीच मोजणी. मायनसच्या बाजूला ०.१ व्होल्ट. बॅटरीवरचा आकडा सेल्फ मारताना आता १०.५ वर उतरला. आकडा आधीपेक्षा खाली गेला आणि काका खूश झाले. कारण आता सेल्फ १८० अँपिअर ओढत होता. वाट मोकळी झाली होती आणि बॅटरी पहिल्यांदाच तिचं खरं काम करत होती.

बिल विचारलं तर त्यांनी केबलची किंमत सांगितली, काही शे रुपये, आणि वर किरकोळ मजुरी. एवढा वेळ शोधण्यात घालवला त्याचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, “शोधण्याचे पैसे कोण देतं, बाई? गिऱ्हाईक म्हणतं, एक वायर तर बदलली.”

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. आमच्या आधीच्या गॅरेजला मी दोष देत नाही. आपण पैसे मोजतो ते पार्टचे. दुकानात बॅटरी विकली की मिस्त्रीचं घर चालतं, तासभर मीटर घेऊन बसला तर चालत नाही. मग तो सगळ्यात संभाव्य पार्टपासून एकेक बदलत जातो. त्यात आपले पैसे जातात, धड पार्ट भंगारात जातात आणि दोष तिथेच राहतो.

त्यानंतर मी काकांकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन बसू लागले. जे पाहिलं त्यातलं काही इतरांच्या कामी येईल म्हणून लिहिते.

शेजारच्या अण्णांची गाडी सीएनजीवरची. सेल्फ झकास, पण इंजिन धरेना. काकांनी चावी फक्त ‘ऑन’ केली आणि मागच्या सीटजवळ कान नेला. चावी ऑन झाली की टाकीतला पंप दोनेक सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. इथे आवाजच नव्हता. पंपाच्या प्लगवर टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला. म्हणजे करंट येत होता आणि पंप मेला होता. कारण अण्णांनी सांगितलं त्यातच होतं. सगळी धाव सीएनजीवर, पेट्रोल कित्येक महिने तळाला. पण अशा बहुतेक गाड्या सुरू होतात पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात. टाकीतला पंप थंड राहतो आणि त्याला वंगण मिळतं तेही त्या पेट्रोलमुळेच. सीएनजीवाल्यांनी टाकीत पाव टाकीच्या वर पेट्रोल ठेवावं आणि अधूनमधून गाडी थोडी पेट्रोलवर चालवावी, हे काका प्रत्येकाला कळकळीने सांगतात.

धाकटा भाऊ कराडला असतो. येताना कुंभार्ली घाटात त्याची गाडी चालता चालता बंद पडली. सेल्फ फिरतो, गाडी धरत नाही. त्याने फोन केला, मी काकांना दिला. त्यांनी विचारलं, “सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का?” काटा शून्यावर. “बॉनेट उघडा, इंजिन थंड होऊ द्या, मग मारा.” तासाभराने गाडी चालू झाली. क्रँकशाफ्टचा सेन्सर गरम झाला की मरत होता. हा सेन्सर इंजिन कुठल्या कोनात आहे ते कॉम्प्युटरला सांगतो. त्याच्याकडून खबर आली नाही, तर ठिणगीही पडत नाही आणि पेट्रोलही सुटत नाही. बऱ्याच गाड्यांत आरपीएमचा काटा त्याच खबरीवर हलतो, म्हणून तो न हलणं ही मोठी खूण. दुसऱ्या दिवशी स्कॅनरवर पी ०३३५ हा कोड निघाला, तो त्याच सेन्सरचा.

आणि उभ्या गाड्या. २०२० च्या टाळेबंदीत किती बॅटऱ्या अशाच गेल्या. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर मिळून थोडा करंट खात राहतात. तीस मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशोबाने साडेतीन आठवड्यांत निम्मी होते. निम्मी उतरून पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती पूर्वीसारखी भरत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर निघतानाच मायनस काढून ठेवावी.

दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करताना क्रम पाळावा. आधी प्लस उतरलेल्या बॅटरीला, मग प्लस चांगल्या बॅटरीला, मग मायनस चांगल्या बॅटरीला, आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तो पेट घेऊ शकतो. सेल्फही एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मधे अर्धा मिनिट तरी थांबावं. ती मोटर काही सेकंदांच्या कामासाठीच बनवलेली असते. बराच वेळ मारत राहिलं तर चांगला सेल्फ जळतो.

आता माझ्या गाडीत एक मीटर कायम असतो. असा मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. मी त्याने दुरुस्ती करत नाही, ते मिस्त्रीचं काम आहे. पण गाडी अडली की मी आवाज ऐकते, उजेड बघते, बसलेल्या बॅटरीचा आणि सेल्फ मारतानाचा असे दोन आकडे लिहून घेते आणि ते मिस्त्रीला सांगते. ‘बॅटरी बदला’ असं सांगितलं की बॅटरी बदलली जाते. ‘एकच टक् होतं, हेडलाइट मंद होत नाहीत, सेल्फ मारताना ११.३ दाखवते’ असं सांगितलं की मिस्त्री केबलकडे वळतो.

आणि त्याच्याकडून मी दोन गोष्टी मागते. पार्ट बदलण्याआधी तो खराब आहे हे मोजून दाखवा, आणि तपासणीची मजुरी बिलात वेगळी लिहा. काका सुरुवातीला संकोचायचे. आता त्यांच्या शेडमध्ये बिलबुकावर ‘तपासणी’ अशी पहिली ओळ असते आणि आमच्या शाळेतले सगळे शिक्षक ती आनंदाने भरतात. डॉक्टरांनी नाडी बघितली, तपासलं आणि औषध लागणार नाही म्हणाले, तरी आपण त्यांची फी देतोच. गाडीचं दुखणं ओळखणाऱ्याच्या डोक्याला आणि वेळेला तीच किंमत दिली, तर मोजणारे मिस्त्री टिकतील आणि त्यांच्या हाताखाली नवी पोरं मोजायला शिकतील.